रिकाम्या चकत्या

मी दार लोटून आत आले तेव्हा बाबा खिडकीशी उभे राहून कानाखालचा साबण पुसत होते. दाढी केली होती, तीही मी आठवण न करता. मला पाहून म्हणाले, "चहा करून ठेवलाय. पी आणि हात धू. काम आहे."

आई जाऊन चार महिने झाले होते. चार महिने मी दर रविवारी येत होते आणि दर रविवारी ते त्याच खुर्चीत, बंद रेडिओकडे तोंड करून बसलेले दिसायचे. म्हटलं तर जेवायचे, म्हटलं तर झोपायचे. त्यामुळे ‘काम आहे’ हे शब्द ऐकून मला इतकं हायसं वाटलं की काम कसलं, हे विचारायचंही राहून गेलं.

टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यांवर आईचं गोळ्यांचं मशीन ठेवलं होतं. मागचं झाकण उघडं. शेजारी तेलाची कुपी, दोन स्क्रूड्रायव्हर आणि दात घासायचा जुना ब्रश.

"शिवणवाल्या मावशी घेऊन जाणार आहेत," बाबा म्हणाले. "ड्रायव्हरनं परवा ब्लडप्रेशरची गोळी तीनदा घेतली. जिन्यात चक्कर येऊन पडला. मावशी विचारत होत्या, वहिनींचं मशीन पडून आहे ना, भाऊ? मी म्हटलं, पडून कशाला असेल, चालू आहे. खुशाल न्या."

मावशी खालच्या मजल्यावर राहतात, दिवसभर शिवणकाम करतात. ड्रायव्हर म्हणजे त्यांचे यजमान. गाडी सोडून नऊ वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना ड्रायव्हरच म्हणते.

मशीन बाबांच्या कारखान्याच्या कँटीनमधलं. गुडघ्याएवढं उंच, बिडाचं, हिरवा रंग कोपऱ्यांवर उडालेला. पुढच्या बाजूला काच, काचेमागे उभी नळी, नळीत पितळी टोकनं एकावर एक रचलेली असायची. उजवीकडचा दांडा खाली ओढला की आतली जीभ पुढे सरकून सगळ्यांत खालचं टोकन फटीतून बाहेर ढकलायची आणि ते खणकन वाटीत पडायचं. टोकन खिडकीत दिलं की ताट मिळायचं. बाबा तिथले फिटर, त्यामुळे मशीनची देखभाल त्यांच्याकडे. कँटीन बंद पडून सगळं सामान भंगारात निघालं तेव्हा बाबांनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं. आई दारातच म्हणाली होती, "लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात. आमच्याकडे सवत आली."

सवत चौदा वर्षं कपाटावर धूळ खात होती. मग आईला विसरायला व्हायला लागलं. माणसं विसरायची नाही, नावं विसरायची नाही. आत्ता केलेलं विसरायची. तिची हृदयाच्या ठोक्यांची एक बारीक पांढरी गोळी होती, रोज सकाळी एक. डॉक्टरांनी बजावलं होतं की एखादे दिवशी राहिली तरी चालेल, पण जास्त होता कामा नये. आई गोळी घ्यायची, पेला विसळायची आणि परत येऊन पुन्हा घ्यायची. बाबा गोळ्या लपवून रोजची एक हातावर ठेवू लागले तेव्हा ती भडकली. "मी काय तुरुंगात आहे? माझं औषध माझ्याकडे द्या." दोन दिवस तिनं रागानं गोळीला हात लावला नाही.

"माणसाचं ऐकत नाही ना," बाबा मला फोनवर म्हणाले, "मग मशीनचं ऐकेल."

तीन आठवडे ते एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये जात होते. लेथवर त्यांनी लाकडाच्या तीस चकत्या काढल्या. घेर टोकनाएवढाच, जाडी जास्त, आणि प्रत्येकीच्या मध्ये गोळी बसेल एवढा खळगा. नळीत रचल्या की वरची चकती खालचीचं झाकण. बाहेर पडायची फट त्या जाडीला रुंद करून घेतली. एका गजराच्या घड्याळाचं यंत्र काढून दांड्यामागे बसवलं. दांडा एकदा ओढला की खटका पडायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंत दांडा जागचा हलायचा नाही. नियम सोपा होता. मशीननं दिलं ते घ्यायचं. नाही दिलं तर मागायचं नाही.

आणि आईनं तो पाळला. आम्हा दोघांवर संशय घेणारी आई त्या बिडाच्या ठोकळ्यावर विश्वास ठेवून राहिली. दुपारी कधी तरी दांडा ओढून बघायची, हलला नाही की "सासूबाई नको म्हणतात" म्हणून निघून जायची. सवतीची सासू कधी झाली ते आम्हाला कळलं नाही. "मोजूनमापून वाढणारी या घरात हीच एक," असं म्हणून ती बाबांकडे बघायची. बाबा हसायचे. मशीन असं सुरू झाल्यानंतरच्या दीड वर्षात ती दोघं गोळीवरून भांडल्याचं मला आठवत नाही.

"चकत्या भर आणि चालवून बघ," बाबा आता म्हणाले. "गोळ्यांच्या जागी साखरेचे खडे घाल. खटका मोकळा करून ठेवलाय, लागोपाठ ओढता येईल. मी केस कापून येतो."

ते जिना उतरून जाईपर्यंत मी त्यांची पावलं ऐकत होते. त्यांना केस कापावेसे वाटले होते. मी सवयीनं नळी दहापर्यंत भरली. काचेवर नखांच्या लाल रंगानं ओढलेली बारीक रेघ अजून होती, ती माझीच. पहिल्यांदा दांडा ओढला, एक चकती पडली. दुसऱ्यांदा एक. पाचव्यांदा एक. सहाव्यांदा ओढला तेव्हा वाटीत दोन पडल्या.

मी दोन्ही उचलून परत वर टाकल्या. आत आता पाच होत्या. ओढला. दोन.

कुठल्याही सरळ माणसाला इथे एवढंच वाटलं असतं की मशीन बिघडलंय, दुरुस्त करायला हवं. मलाही क्षणभर तेवढंच वाटलं. मग डबा आठवला.

आई वापरलेल्या चकत्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. पहिलं वर्षभर बाबाच महिन्यातून एकदा तीसच्या तीस भरायचे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि बारीक काम बंद झालं, तेव्हा मी म्हटलं, मी भरत जाईन रविवारी. मी वाचनालयात नोकरी करते. छापलेलं काहीही हातात आलं की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद वाचला, त्यात लिहिलं होतं की गोळ्या दमट हवेत उघड्या राहू देऊ नयेत. महिनाभर लाकडाच्या खळग्यात पडलेल्या गोळ्या सर्द होतील, म्हणून मी तीसऐवजी दहाच भरायचं ठरवलं. आठवड्याच्या सात, आणि एखाद्या रविवारी मला जमलं नाही तर हाताशी असाव्यात म्हणून तीन जास्त. बाबांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. रविवारी आले की डब्यातल्या रिकाम्या चकत्या काढायच्या, पुसायच्या, गोळ्या घालून रेघेपर्यंत भरायच्या. सात रिकाम्या निघायला हव्या होत्या. नऊ निघायच्या. कधी आठ. मी नऊ भरायचे, आठ भरायचे. मोजत होते की नव्हते, तेही मला सांगता येत नाही. एवढं मात्र आठवतं की एकदा स्ट्रिप लवकर संपली, तर मी औषधवाल्याकडे जाऊन भांडले होते की तुम्ही एक कमी दिलीत. तो शपथेवर नाही म्हणाला. मी त्याला म्हटलं, गोळ्यांना काय पाय फुटतात का?

टॉर्च आणून फटीत पाहिलं. वरची कड घासून घासून तिरकी झाली होती, कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. तेही आठवलं. आईची बोटं सुजायची, दांडा ओढताना दुखायची. "सासूबाई हट्टाला पेटल्यात," ती म्हणायची. मग बाबा कानस घेऊन बसायचे, दोनचार हात मारायचे, बिडाची पूड फुंकर मारून उडवायचे आणि तिला म्हणायचे, "बघ आता. लोणी." असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. माझ्यादेखत तीनदा.

मी तीसच्या तीस चकत्या भरल्या आणि ओढत राहिले. पंचवीस वेळा एकेकच पडली. वरच्या चकत्यांच्या वजनानं दुसरी दाबून जागेवर राहत होती. शेवटच्या पाच उरल्या, वरचा भार गेला, तशी दुसरी चकती कलंडून पहिलीच्या मागून घसरत आली. बाबांनी नुसतीच कड घासली असती आणि नळी भरलेली राहिली असती, तर काही झालं नसतं. मी नुसत्याच दहा भरल्या असत्या आणि कड धड असती, तरी काही झालं नसतं.

खोक्यातला कागद आईच्या कप्प्यात होता. साठवणुकीचा परिच्छेद मी तेव्हा वाचला होता. आता मागची बाजू वाचली. गोळी शरीरात जास्त झाल्याची लक्षणं: भूक मरणं, मळमळ, दिव्याभोवती पिवळं वलय दिसणं. शेवटचे दोन महिने आई ताटावरून उठून जायची. शेवटच्या पंधरवड्यात ती दिव्याकडे बघून म्हणायची, "याला हळद कुणी लावली?" आम्ही म्हणायचो, डोळ्यांचं असेल. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, मूत्रपिंडं थकलीत.

मी टेबलाशी बसले होते आणि मला दोन गोष्टी स्वच्छ दिसत होत्या. मशीन असंच खाली गेलं तर ड्रायव्हरकाका त्यावर आईसारखाच विश्वास ठेवणार. आणि मशीन दोन टाकतं असं मी बाबांना सांगितलं, तर पुढचं सगळं ते मला न विचारता जुळवणार. जन्मभर तेच केलं त्यांनी. आज चार महिन्यांनी त्यांनी आपण होऊन दाढी केली होती.

म्हणून मी पळवाट काढली. खाली गेले. मावशी दारातच बसून कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत होत्या.

"मावशी, ते मशीन राहू द्या," मी म्हटलं. "फार जुनं झालंय. काकांना गोळी तुम्हीच हातानं देत जा ना."

मावशींनी तोंडातली टाचणी काढली. "का गं? तुझ्या आईला चाललं, आम्हाला नाही चालत?"

"तसं नाही हो."

"मग कसं? हातानं देऊन बघितलं नसेल का मी? मला म्हणतात, तू शिव तुझे पडदे. एवढा मोठा ट्रक चालवलेला माणूस बायकोच्या हातनं गोळी घेतोय होय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आईची वस्तू हातची सोडवत नसेल तर तसं सांग, पोरी. राग नाही. पण जुनं झालं म्हणू नकोस. भाऊंचं काम आहे ते."

मी काही बोलले नाही, आणि माझं न बोलणं त्यांनी होकार धरलं. मला तेही पुरलं. वर आले, चकत्या डब्यात घातल्या, फक्त चार नळीत ठेवल्या.

अर्ध्या तासानं बाबा आले. मानेवर न्हाव्याची पावडर होती. जिन्यात मावशी भेटल्या असणार, ते चेहऱ्यावरूनच कळलं.

"मावशींना काय सांगितलंस?"

"जुनं झालंय म्हटलं."

"जुना मीसुद्धा झालोय. मलाही भंगारात काढतेस का?" ते चिडले नव्हते, दुखावले होते. "अगं, तुला ठेवायचं होतं तर मला म्हणायचंस. त्या बाईला दारात उभं करून कशाला—"

"ठेवायचं नाहीये, बाबा. तुम्ही आधी जरा बघून घ्या. ती फट सैल वाटते."

"सैल?"

एखाद्याला शिवी द्यावी तसा तो शब्द त्यांना लागला. त्यांनी चष्मा बदलला, खुर्ची ओढली. "आत किती आहेत?"

"चार."

त्यांनी दांडा ओढला. दोन चकत्या वाटीत पडल्या. त्यांनी त्या उचलून वर टाकल्या आणि पुन्हा ओढला. दोन. तिसऱ्यांदा ओढला नाही. करंगळीचं नख फटीच्या वरच्या कडेवरून सावकाश फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग डब्यातल्या चकत्यांची मूठ भरून नळीत टाकली आणि ओढला. एकच पडली.

"वर भार असला की धरून ठेवतंय," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "मग ठीक आहे. तीस असतात तेव्हा कधी—" आणि थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू किती भरायचीस?"

"दहा."

"दहा का?"

"सर्द होतात म्हणून. कागदावर लिहिलं होतं."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही कड घासत होतात ते तुम्हीही मला सांगितलं नाहीत." माझ्यादेखत घासत होते. तरी मी असं बोलले.

"तिची बोटं दुखायची," ते म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"रविवारी रिकाम्या किती निघायच्या?"

सात म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. सात म्हटलं असतं तर मशीन आत्ता बिघडलं, पडून पडून बिघडलं, असं आम्ही दोघं धरून चाललो असतो. त्यांनी कड नीट केली असती, मशीन खाली गेलं असतं, ड्रायव्हरकाकांनाही काही झालं नसतं. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं.

"नऊ," मी म्हटलं. "कधी आठ."

"कधीपासून?"

"तुमच्या ऑपरेशननंतर मी भरायला लागले तेव्हापासून."

"पाच महिने." त्यांनी टेबलाची कड धरली. "आणि नऊ चकत्या हातात धरून तुला असं नाही वाटलं की आठवड्याला दिवस किती असतात? एवढी पुस्तकं वाचतेस तू."

बाबा मला असं कधी बोलले नव्हते. लहानपणी नाही, लग्न मोडून आले तेव्हाही नाही.

"वाटलं की औषधवाल्यानं कमी दिल्या," मी म्हटलं. "त्याच्याशी भांडून आले मी."

"त्याच्याशी भांडलीस," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा, हळू, "त्याच्याशी."

दारावर टकटक झाली. मावशी होत्या, हातात घडी केलेली चादर. "भाऊ, पोरीचं मन नसलं तर राहू दे हो, मी तेच सांगायला आले. आणि असलं तर गुंडाळून न्यायला चादर पण आणलीय. तुम्ही काय ते ठरवा, मला दोनदा जिना चढवू नका."

"बसा मावशी," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

मला वाटलं, ते म्हणतील, अजून काम बाकी आहे, आठ दिवसांनी या. मी तसंच म्हटलं असतं. बाबांनी वाटीतून दोन चकत्या उचलून मावशींच्या तळहातावर ठेवल्या.

"एकदा ओढला की या दोन पडतात. आत कमी असल्या तर. पाच महिने हिच्या आईला अशाच पडत होत्या. आम्हाला दोघांना कळलं नाही."

मावशींनी चकत्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे, मग माझ्याकडे. मी खाली जाऊन काय बोलले होते आणि का, ते त्यांना तेव्हा उमगलं असावं. त्यांनी चकत्या टेबलावर ठेवल्या, अगदी हलक्या हातानं.

"असं नका बोलू, भाऊ. वहिनींचं वय झालं होतं. मनाला लावून घेऊ नका."

"वय झालं होतं. आणि दोन पडत होत्या. दोन्ही खरं आहे."

मावशी चादरीची कड बोटानं दुमडत बसल्या, शिवायला घेतल्यासारखी. मग कामाचं विचारलं. "दुरुस्त होतं का ते?"

"होतं. आतून पत्र्याची पट्टी बसवायची आणि चकत्यांवर एक पितळी वजन ठेवायचं. नळी भरलेली असो नसो. अर्ध्या दिवसाचं काम."

"बरं." त्या उठल्या. चादर काखेत मारली. "तुम्ही करा. मी... ह्यांना विचारते आधी. खोटं कशाला बोलू, भाऊ, आज मला हो म्हणवत नाही."

"म्हणूही नका," बाबा म्हणाले.

त्या गेल्यावर मी भात टाकला. बाबा जेवले नाहीत, मीही नाही. निघताना मी चपला घालत होते तेव्हा ते म्हणाले, "उद्या रजा घे. डॉक्टरांकडे जायचंय."

"कशाला, बाबा? आता विचारून काय होणार?"

"कारखान्यात कुणाचं बोट गेलं की मशीन बंद करायचं आणि आधी बघायचं, कशानं गेलं. मग चालू करायचं. न बघता चालू करणारा फिटर मी पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात बाकावर शेजारी शेजारी बसलो. बाबांच्या खिशात रुमालात बांधलेल्या दोन चकत्या होत्या. आत गेल्यावर त्यांनी त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं क्रमानं सांगितलं. फट, कड, भार, दहा, नऊ. माझं नाव कुठे घेतलं नाही, "घरात असं ठरलं" असं म्हणाले. डॉक्टर चाळिशीचे आहेत, ऐकताना मध्ये बोलत नाहीत. त्यांनी जुनी फाइल मागवली, पानं उलटली.

"तेव्हा रक्त तपासलं असतं तर कळलं असतं," ते शेवटी म्हणाले. "मीच सांगायला हवं होतं तपासायला. भूक गेली म्हणालात तेव्हाच."

"ते झालं," बाबा म्हणाले. "त्यानं गेली का?"

"काका, त्यानं झालं असेल. नसेलही. हृदय थकलेलंच होतं, मूत्रपिंडं साथ देत नव्हती. तेव्हा गेल्या नसत्या तर पुढच्या—"

"अंदाजे?"

"म्हणजे?"

"शंभरात किती धरायचं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"पन्नास?" बाबा म्हणाले.

"आकडा नाही माझ्याकडे, काका. खोटा सांगू शकतो, पण तो खोटा असेल."

बाबांनी मान हलवली. केसाच्या जाडीपर्यंत मापं सांगणाऱ्या माणसाला त्या खोलीत काहीच माप मिळालं नाही, आणि त्यांनी ते तिथेच सोडलं, हुज्जत घातली नाही. चकत्या रुमालात बांधून घेतल्या. डॉक्टरांना नमस्कार केला.

बाहेर येऊन ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. लोक चढता उतरता त्यांना वळसा घालत होते. मी उभीच राहिले.

"तू सात म्हणाली असतीस तर मी मानलं असतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग का नाही म्हणालीस? ड्रायव्हरसाठी?"

तसं म्हणता आलं असतं. चांगलं दिसलं असतं. "नाही," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी मशीन दुरुस्त झालं असतंच. मला ते एकटीला मनात ठेवायचं नव्हतं."

समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकललं.

"बरं केलंस असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "आज तरी नाही म्हणवत."

"बरं."

"मावशींनी नेलं नाही तरी ते नीट करून ठेवायचंय." त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही, कठड्याला धरून उठले. "पत्र्याचं दुकान एकला बंद होतं. तुला घरी जायचं असेल तर जा."

"येते," मी म्हटलं.

ते पुढे निघाले. गर्दी होती, आणि शेजारून चालण्याएवढी जागा होती, तरी मी मागेच राहिले. पहिल्या वळणावर ते थांबले, मागे वळून मी आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा चालू लागले.